ब्रिंकहोल्टला राजा मिळेना

सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत लाकडी पक्षी खाली आला, तर आपल्या पदरात काय काय पडेल याचा हिशोब लुडगर आव्हेरेशने सकाळी चर्चमध्येच मांडून ठेवला होता. पाद्री आशीर्वाद देत होते तेव्हा. वर्षाचे बावन्न गुरुवार, कारण गुरुवारी नेमबाजीचा सराव. उन्हाळ्यातले चौदा रविवार, कारण आजूबाजूच्या चौदा गावांत चौदा नेमबाज मंडळं, आणि प्रत्येकाच्या मिरवणुकीत ब्रिंकहोल्टच्या अध्यक्षाने हिरवा कोट घालून चालायचं हे ठरलेलं. आणि सगळ्यांत मोठी रक्कम म्हणजे युइस्ट बेटावरचं दोन खोल्यांचं घर. ते त्याच्या बायकोने, रोझविटाने, एक ऑगस्टपासून वर्षभरासाठी भाड्याने घेऊन टाकलं होतं. लुडगरला विचारलं नव्हतं. अकरा वर्षं विचारून झालं होतं.

“मी एक तारखेच्या बोटीने जाणार,” ती म्हणाली होती. “तू आलास तर आनंद आहे. नाही आलास तरी समुद्र तिथेच असणार आहे.”

अकरा वर्षं लुडगर मंडळाचा अध्यक्ष होता. पेशा ड्रायव्हिंग शिकवण्याचा. अर्ध्या गावाला त्यानेच गाडी शिकवली होती, त्यामुळे कोण चौकात कचरणार आणि कोण आरशात न बघता गाडी मागे घेणार हे त्याला तोंडपाठ होतं. अध्यक्ष व्हायला एवढं भांडवल पुरेल असं त्याला वाटलं होतं. त्याने सभागृहाचं गळकं छप्पर बदललं, तळघरातल्या कागदी निशाण्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या आणल्या, तीन सभा घालवून बायकांना सभासदत्व मिळवून दिलं. प्रत्येक सुधारणेला लोकांनी आधी विरोध केला, मग ती मुकाट वापरली, आणि मग ती आपल्याच डोक्यातून निघाल्याचं सांगत हिंडले. याचं त्याला फार वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते पुढच्या सुधारणेच्या वेळी तेच लोक तोच विरोध तितक्याच उत्साहाने नव्याने करू लागत, तेव्हा.

मार्चच्या सभेत एकदाचा वारस मिळाला होता. गिसबर्ट टेरहोर्स्ट, घरांची छपरं घालणारा कंत्राटदार, बावीस माणसं हाताखाली, उभा राहिला आणि म्हणाला, “मी होईन अध्यक्ष. पण एक अट. जुलैच्या उत्सवात नवा राजा झाला, की त्याच्यासमोर मी किल्ल्या घेईन. ज्या मंडळाला राजासुद्धा मिळत नाही ते मी गळ्यात बांधून घेणार नाही.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात लुडगरने.

आता राजा म्हणजे काय, तर उंच खांबावरच्या लाकडी पक्ष्याचा शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीने खाली येतो तो. मग वर्षभर त्याने बायकोला राणी म्हणून मिरवायचं, आठ जोडप्यांचा दरबार निवडायचा, चौदा गावांना भेटी द्यायच्या आणि पहिल्या रात्री अख्ख्या मंडपाला बिअर पाजायची. पूर्वी हे राजेपण एका जुन्या मोटारीच्या किमतीला पडायचं. लोक म्हणायचे, परवडत नाही. म्हणून लुडगरने खर्चाला मर्यादा घालून घेतली; आता ते एका बऱ्यापैकी सोफ्याच्या किमतीत बसतं. तर आता लोक म्हणत होते, सोफ्याच्या किमतीत कसला राजा? ज्याला आधी परवडत नव्हतं त्याला आता त्यात मान दिसेना, आणि ज्याला परवडत होतं त्याला शेजाऱ्याइतकाच खर्च करण्यात काही राम वाटेना.

तीन वाजले होते. जेवणाआधी पक्ष्याचा मुकुट पडला, राजदंड पडला, दोन्ही पंख पडले. या तुकड्यांना एकेक बिल्ला असतो आणि जबाबदारी काडीचीही नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी रांग पार बिअरच्या गाड्यापर्यंत गेली होती. आता वर उरलं होतं नुसतं धड, फुटबॉलएवढं, एका बाजूने फाटलेलं, आणि खाली बंदुकीजवळ चिटपाखरू नव्हतं. बँडने तीच धून सहाव्यांदा धरली होती.

बंदुकीच्या बाबतीत लुडगरने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. जुना स्टँड खिळखिळा होता, नळी डुगडुगायची. ज्याला राजा व्हायचं नसे तो दोन गोळ्या आभाळात घालायचा, स्टँडला चार शिव्या हासडायचा आणि मान हलवत परत यायचा. सगळ्यांची अब्रू राहायची. यंदा तपासणीवाल्या साहेबाने तो स्टँड नाकारला, म्हणून लुडगरने पोलादी आणला. नळी जिथे लावाल तिथेच राहणार. वर आणखी त्याला हौस! लोकांनी कंटाळून घरी जाऊ नये म्हणून त्याने दुर्बिणीला छोटा कॅमेरा लावला आणि मंडपात मोठा पडदा. आता कुणी नेम कुठे धरला ते चारशे माणसं सॉसेज खात बघत होती.

पहिला बळी हायनर कोस्ब्रिंक. डुकरं पाळणारा, आडदांड, हातांनी भक्कम. तो बंदुकीमागे बसला. पडद्यावरची नेमाची फुली धडाच्या बरोबर मध्ये आली, क्षणभर तिथे थांबली, आणि मग हळूहळू, एखादी बाई लग्नातून गुपचूप निघते तशी, डावीकडे सरकत सरकत निळ्या आभाळात गेली. ठो!

“हायनर, ढग पाडलास रे!” मंडपातून कुणीतरी ओरडलं.

“वारा आहे,” हायनर उठत म्हणाला. खांबावरचा झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

त्यानंतर बंदुकीजवळ कुणी आलं नाही. लुडगरने भोंग्यावरून तीनदा पुकारा केला. मग तो स्वतः शोधायला निघाला. हायनर त्याला सॉसेजच्या टपरीमागे सापडला.

“अरे हायनर, मार्चपासून तुला चारदा विचारलंय मी.”

“आणि मी चारदा म्हणालो विचार करतो. खोटं बोललो का?”

“मग काय विचार झाला?”

“चाललाय. सोपं नाही ते.” हायनरने ओठांवरची मोहरीची चटणी पुसली. “दोनशे माद्या आहेत माझ्याकडे, लुडगर. चौदा रविवार त्यांना कोण सांगणार, की मालक राजा झालाय, आज विऊ नका?”

“गेल्या वर्षी तीन आठवडे तू तिरोलला डोंगर चढत होतास.”

“तेव्हा मेहुणा बघायचा.”

“मेहुणा गेला कुठे?”

“आहे ना. पण सोफ्याच्या भावात राजा झालेल्याची डुकरं बघायला त्याला कमीपणा वाटतो म्हणे.”

लुडगर काही बोलणार तेवढ्यात मागून खुळखुळ आवाज आला. हा बेर्नवार्ड, गेल्या वर्षीचा राजा, विमा एजंट. त्याच्या गळ्यात राजाची साखळी होती: आजवरच्या प्रत्येक राजाच्या नावाचा एकेक चांदीचा पत्रा, चौऱ्याण्णव पत्रे, साडेचार किलो.

“लुडगर, ही उतरव आता. डॉक्टरचं पत्र आहे माझ्याकडे.”

“नवा राजा आण, उतरवतो.”

“मी कुठून आणू? नियमात लिहिलंय, नवा मिळेपर्यंत जुनाच. म्हणजे काय, मरेपर्यंत? मी काय पोप आहे?”

“तू विमा विकतोस ना लोकांना? मग राजेपण विक.”

“विम्यात निदान काही परत मिळतं,” बेर्नवार्ड म्हणाला आणि मान चोळत त्याच्या मागे मागे चालू लागला. लुडगर जिथे जाईल तिथे ती खुळखुळ.

खांबाच्या पायथ्याशी अल्फोन्स घडीच्या खुर्चीवर बसला होता. ऐंशीचा सुतार, दरवर्षी पक्षी तोच करतो. गेल्या वर्षी पक्षी एकसष्टाव्या गोळीला, दुपारच्या जेवणाआधीच पडला आणि बिअरची पिंपं तशीच परत गेली, म्हणून यंदा त्याला सांगितलं होतं, जरा टिकाऊ कर.

“अहो अल्फोन्स, दोनशे चाळीस गोळ्या झाल्या. कशाचा केलात हा?”

“ओकचा. आणि जोडांना डिंक. टिकाऊ म्हणालात ना?”

“टिकाऊ म्हणालो, अजरामर नाही!”

“ओरडतोस कशाला? एका गोळीचं काम उरलंय.” म्हाताऱ्याने काठी वर केली. “उजव्या अंगाला गाठ आहे बघ, काळी. तिथे लागली की आलाच खाली. आता चुकवायलाच अक्कल लागेल.”

हे त्याने मोठ्याने सांगितलं. अल्फोन्सला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो सगळंच मोठ्याने सांगतो. जवळ घोटाळणारे दोघेतिघे होते, त्यांनी एकदम घड्याळं बघितली आणि पाय काढता घेतला.

लिंडनच्या झाडाच्या सावलीतलं सगळ्यांत चांगलं टेबल गिसबर्ट टेरहोर्स्टने धरलं होतं. शेजारी त्याची बायको मार्लीज. तिच्यासमोरचं बटाट्याचं सॅलड तसंच होतं आणि ती खांबावरच्या धडाकडे, दुकान बंद व्हायच्या वेळी काचेतल्या वस्तूकडे बघावं तशी बघत होती.

“कठीण आहे रे बाबा,” गिसबर्ट कळवळून म्हणाला. “बस, बस. थकलास. हे मंडळ तुझ्या जिवावर उठलंय.”

“गिसबर्ट, सहाला परवानगी संपते. त्यानंतर एक गोळी झाडली तर पोलीस येतील.”

“मी तर पाडलाच असता! एका मिनिटात. पण माझे हात बांधलेत ना. अध्यक्ष आणि राजा एकच माणूस चालत नाही. मी पडलो होऊ घातलेला अध्यक्ष.”

“मग अट सोड. राजा नसला तरी किल्ल्या घे.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे, लुडगर.” गिसबर्टने छातीवर हात ठेवला. “माझ्यापुरतं असतं तर सोडली असती.”

पाच वाजता रोझविटा लोणी घातलेल्या केकचा तुकडा घेऊन आली. लुडगर भोंग्याच्या खांबाला टेकून उभा होता.

“किती उरलं?”

“एक तास.”

“आणि माणसं किती आहेत?”

“चारशे.”

“मग अडचण काय आहे?”

तिथे लुडगरचा बांध फुटला. “अडचण? खर्च कमी केला तर मान गेला म्हणतात. स्टँड पक्का केला तर चुकवता येत नाही म्हणतात. पक्षी मऊ केला तर बिअर उरते, कठीण केला तर दुपार जाते. हायनरच्या डुकरिणी, बेर्नवार्डची मान, ह्याचा पाय, त्याची सासू! बिल्ल्यासाठी एकमेकांना ढकलत होते सकाळी, आणि आता मुतारीसमोर रांग आहे. चाळीस माणसं, रोझविटा! चाळीस माणसांना एकाच वेळी कशी लागते? अकरा जणांना मी आधीपासून विचारून ठेवलं होतं. अकरा!”

“यादी बघू.”

त्याने खिशातून कागद काढला. आपणहून कुणी राजा होतो म्हणत नाही, ते फार उथळ दिसतं. अध्यक्षाने वसंतात घरी जाऊन विचारायचं, समोरच्याने दोनदा नाही म्हणायचं, ही पद्धत. रोझविटाने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घालून परत दिली.

“सगळे पुरुष.”

“बरं, मग?”

“काही नाही. बायकांना आत आणायला तीन सभा घेतल्यास, त्या तीनही रात्री जेवण गरम करत मी बसले होते, म्हणून म्हटलं.”

“अगं, कुणाला बंदी आहे का? दोन वर्षं झाली, कुणीही या आणि झाडा!”

“हायनरला किती वेळा विचारलंस?”

“चारदा.”

“आणि गुड्रुनला?”

लुडगरने बंदुकीकडे बघितलं. सकाळी नऊपासून गुड्रुन निहोफ तिथेच उभी होती. छप्पन्न वर्षांची, बस चालवणारी, गोळीबारावर देखरेख करायचा परवाना असलेली. मंडळातल्या पोरांना ती नऊ वर्षं नेमबाजी शिकवत होती. त्यातली पहिली सात सभासद नसताना, तेव्हा विम्याच्या यादीत तिचं नाव ‘केक वाढणाऱ्या’ या सदरात होतं. जिल्ह्याचे जे काही चषक सभागृहाच्या कपाटात होते ते तिच्या पोरांचे. दिवसभरात लुडगर तिच्यासमोरून वीस वेळा तरी गेला होता, राजा शोधत.

तो तिच्यापाशी गेला. “गुड्रुन, तू राजा होतेस का?”

“पाच वाजून दहा मिनिटं झालीत,” ती काडतुसांच्या खोक्यातून मान वर न करता म्हणाली.

“विचारतोय तर खरं.”

“बाकीचे संपले म्हणून विचारतोयस. नाही.” तिने झाकण लावलं. “आणि मार्चमध्ये विचारलं असतंस तरी नाहीच म्हटलं असतं. घोळदार झगा घालून बग्गीतून हात हलवणं मला जमणार नाही. मला राजा करू नकोस. मला किल्ल्या दे.”

“किल्ल्या?”

“सभागृहाच्या. अध्यक्षाच्या. ऐकू येतं ना? का अल्फोन्सच्या शेजारी फार वेळ बसलास?”

“अगं, पण ते गिसबर्टचं ठरलंय.”

“काय ठरलंय? नीट बघ.” गुड्रुनने हात पुसले. “मार्चमध्ये तो अध्यक्ष व्हायला हो म्हणाला. झालं, त्या दिवसापासून त्याला राजा हो असं कुणी म्हणू शकत नाही. आणि राजा मिळत नाही, म्हणून तो अध्यक्षही होत नाही. उद्या सकाळी तो दोन्हीतून मोकळा, आणि वर वर्षभर ‘मी तर तयार होतो’ म्हणत हिंडायला मोकळा. असे लोक मला बसमध्ये रोज भेटतात. पुढच्या दाराशी म्हणतात तिकीट मागे काढतो, मागच्या दाराशी म्हणतात पुढे काढलं.”

लुडगरने लिंडनकडे बघितलं. त्याला चाळीस वर्षांपूर्वीचा गिसबर्ट आठवला, शिकाऊ गाडीच्या चाकामागे. चौकात आला की तो इतक्या अदबीने सगळ्यांना आधी जायची खूण करायचा, की त्याला स्वतःला कधी निघावंच लागायचं नाही. गाडी तेव्हा लुडगरचे वडील शिकवायचे; ते म्हणाले होते, पोरगा सभ्य आहे. लुडगरलाही तसंच वाटलं होतं, आज दुपारपर्यंत.

“राजा नसला तरी घेशील?”

“आत्ता घेते. मिळाला राजा तर मिळाला. बेर्नवार्डच्या मानेचा ठेका मी घेतलेला नाही.”

“आणि चौदा रविवार? मिरवणुका? तुझ्या बसच्या पाळ्या असतात.”

“अध्यक्षाने चाललंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?”

लुडगरने आठवून बघितलं. नियमावली त्याची पाठ होती. “लिहिलेलं नाही,” तो सावकाश म्हणाला. “पद्धत आहे.”

“मग उपाध्यक्षाला पाठवीन,” गुड्रुन म्हणाली.

अकरा वर्षं गुणिले चौदा. लुडगरने तो गुणाकार पुरा केला नाही.

कार्यकारिणी पाच जणांची होती, आणि पुढच्या मार्चच्या सभेपर्यंत तिला कुणालाही अध्यक्ष नेमता येत असे. गिसबर्ट लिंडनखाली होता. उरलेले चौघे, म्हणजे लुडगर, अल्फोन्स, हायनर आणि बेर्नवार्ड, खांबाच्या मागे जमले. लुडगरने दोन वाक्यांत सांगितलं. बेर्नवार्डचा हात दुसरं वाक्य संपायच्या आत वर गेला. विम्याचा माणूस, त्याने हिशोब केला होता, की गिसबर्ट अध्यक्ष नाही म्हणजे गिसबर्टचे हात सुटले. अल्फोन्सने काय चाललंय ते न विचारताच हात वर केला, कारण त्याला चहाला जायचं होतं.

“गुड्रुन?” हायनर म्हणाला. “म्हणजे बाई?”

“तुझ्या पोरीला नेमबाजी कुणी शिकवली?” लुडगरने विचारलं.

“गुड्रुननेच. पण ते निराळं.”

“बरं. मग चारदा विचार केलेला माणूस म्हणून तुलाच बंदुकीमागे बसवू? गाठ कुठे आहे ते अल्फोन्स दाखवतील.”

हायनरचाही हात वर गेला.

पाच पस्तीसला लुडगरने भोंगा हातात घेतला. “मंडळी, एक सूचना. मंडळाच्या नव्या अध्यक्षा गुड्रुन निहोफ. किल्ल्या त्यांच्याकडे गेल्या.” खरोखरच एकतीस किल्ल्यांचा जुडगा त्याने तेवढ्यात तिच्या हातात ठेवला. “गिसबर्ट टेरहोर्स्ट यांनी अडचणीच्या वेळी नाव दिलं होतं, त्याबद्दल मंडळ त्यांचं आभारी आहे. आता त्यांचे हात मोकळे आहेत.”

बँड थांबला. चारशे मानांनी लिंडनकडे वळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

“हे काय चाललंय?” गिसबर्ट टोपी घेऊन उठला. “मला न विचारता? चार महिने मी शब्द दिलेला—”

“तत्त्वाचा प्रश्न होता रे,” लुडगर भोंग्यावरूनच म्हणाला.

गिसबर्ट अजूनही निसटला असता. त्याच्या चेहऱ्यावर वाक्य जुळत असलेलं दिसत होतं: अपमान, निषेध, घरी जाणं. पण मार्लीजने सॅलडची बशी बाजूला सारली आणि आपला रुमाल नीट घडी करून ठेवला. वीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या दरबारात तिसऱ्या नाहीतर चौथ्या जोडप्याची जागा धरली होती.

“एका मिनिटात पाडला असता, म्हणालास ना मघाशी?” ती म्हणाली. “चल. मी मिनिट मोजते.”

“मार्लीज, तुला कळत नाहीये...”

“पाच सेकंद गेली.”

तो चालत गेला. बंदुकीमागे बसला. गुड्रुनने काडतूस घातलं आणि एक पाऊल मागे सरली. पडद्यावर फुली धडाच्या मध्ये आली, थांबली, आणि डावीकडे सरकू लागली. मंडपात पेला ठेवल्याचाही आवाज नव्हता.

“गिसबर्ट,” गुड्रुन हळूच म्हणाली, “वारा नाहीये.”

फुली थांबली. मग परत उजवीकडे आली, काळ्या गाठीवर गेली आणि तिथेच राहिली. ठो! ओकचं धड दोन शकलं होऊन खाली आलं. पाच वाजून त्रेचाळीस मिनिटं. धूर विरायच्या आत बेर्नवार्डने साखळी गळ्यातून काढून गिसबर्टच्या गळ्यात घातली होती, आणि मान दोन्ही बाजूंना वळवून बघत होता.

पुढच्या पाव तासात गिसबर्ट असा बदलला की बघत राहावं. आपल्याला हे कधीपासून हवंच होतं. खरं तर आपण मार्चमध्येच म्हणणार होतो. बघा, एका गोळीत! लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मार्लीज रडली. सॅलड कुणीतरी दुसऱ्यानेच खाल्लं. लुडगर रोझविटाचा हात धरून मंडपाच्या कडेने बाहेर पडायच्या बेतात होता, तेवढ्यात राजाने दरबाराची नावं वाचायला घेतली.

“माझ्या दरबारचं पहिलं जोडपं,” गिसबर्ट म्हणाला, आणि थेट लुडगरच्या डोळ्यांत बघून फार गोड हसला, “लुडगर आणि रोझविटा आव्हेरेश! अकरा वर्षांच्या सेवेचा मान म्हणून!”

टाळ्या. दरबाराचं बोलावणं नाकारता येत नाही. हे तर कुठेच लिहिलेलं नाही, पण एकाने पूर्वी नाकारलं होतं, आणि त्याच्या मुलाला गावात आजही ‘नको म्हणणाऱ्याचा’ म्हणतात. राजा जाईल तिथे दरबार जातो: यंदाच्या उन्हाळ्यात उरलेली पाच गावं, पुढच्या उन्हाळ्यात नऊ.

“मी नाही येणार,” रोझविटा शांतपणे म्हणाली.

“असं नाही म्हणता येत, वहिनी!” जवळचा कुणीतरी म्हणाला.

“का? मी मंडळाची सभासदच नाही. कधी झालेच नाही. माझ्यावर कोण राज्य करणार?” आणि लुडगरकडे वळून, “तू आहेस. आजीव सभासद. तूच सांगितलंस मला.”

मग राजाने लुडगरसाठी जोडीदारीण नेमली: मार्लीजची थेक्ला आत्या, वय अठ्ठ्याहत्तर, पोल्का नाचाची शौकीन, जिला पंचवीस वर्षांत कुणी दरबारात बोलावलं नव्हतं. ती तिथल्या तिथे टोपीची पिन बदलायला घरी गेली.

तर कुणी काय भरलं ते असं. गिसबर्टने एक सोफा भरला. दोन भरायला तयार होता, पण रात्री जादा पिंपं आली तेव्हा नव्या अध्यक्षेने मर्यादेचा कागद काढून ती दारातूनच परत पाठवली, आणि न झालेल्या त्या खर्चाचं दुःख त्याला झालेल्यापेक्षा जास्त झालं. बेर्नवार्डने मानेच्या मालिशीच्या बारा खेपांचे पैसे भरले. हायनरच्या पोरीने त्याला पडद्यावरचं चित्रण जेवताना दाखवलं, सलग चार दिवस. गुड्रुनने मंगळवारची तिची सुट्टी तळघराची किल्ली एकतिसांतली कोणती ते शोधण्यात घालवली. ती एकतिसावी निघाली. मार्लीजने आणि थेक्ला आत्याने काही भरलं नाही, त्यांना सगळं मिळालंच. रोझविटा एक तारखेच्या बोटीने गेली, तिनेही काही भरलं नाही. लुडगर तिच्याबरोबरच गेला. फक्त युइस्टची बोट भरतीच्या वेळेला सुटते, माणसांच्या नाही, म्हणून रविवारच्या पोल्कासाठी त्याला कधी शुक्रवारी दुपारी निघावं लागतं, कधी शनिवारी पहाटे, आणि परत यायला सोमवार नाहीतर मंगळवार होतो. ऑगस्टपासून सप्टेंबरपर्यंत पाच रविवार, दहा बोटी, वीस आगगाड्या. तिकिटं तो स्वतःच्या खिशातून काढतो. राजाच्या खर्चाची मर्यादा त्यानेच घातली होती, आणि दरबाराचा प्रवास तिच्यात धरलेला नव्हता.